भट्टीवाल्याची झोप

"झोपलायसा काय?"

त्रिशलानं दारातलं बारदान जरासं बाजूला करून हळूच विचारलं.

"झोपलोय," मी म्हणालो.

"मग बोलताय कसं?"

"तू विचारलंस म्हणून."

लग्नाला आमच्या वर्षही झालं नव्हतं. नवऱ्याला दिवसा झोपवायचं काम अंगावर पडेल असं तिला माहेरी कुणी सांगितलं नव्हतं. ती बिचारी मांजराच्या पावलांनी वावरायची. भांडी पदरात गुंडाळून ठेवायची, स्टोव्ह पेटवायला शेजारी जायची. आणि एवढं सगळं करून दर थोड्या वेळानं मी झोपलो की नाही ते विचारायला यायची.

भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा म्हणतात. म्हणणाऱ्यानं रातपाळी केलेली नसावी. डोक्यावर पत्रा तापून कडकड वाजत होता. दाराला लावलेलं ओलं बारदान वाळून कडक झालं होतं, आणि त्याच्या एका भोकातून उन्हाची काडी थेट माझ्या पापणीवर येत होती. मी कूस बदलली की तीही सरकल्यासारखी वाटायची. अंग दगडासारखं जड, डोकं मात्र जत्रेतल्यासारखं जागं. डोळ्याला डोळा लागत नव्हता.

कोल्हापूरच्या बाहेर, हायवेच्या कडेला एका फौंड्रीत मी कामाला होतो. आधी दिवसपाळीला साचे भरायचो. मग भट्टीच्या टोळीत जागा झाली आणि साहेबानं विचारलं, "मगदूम, जाणार का?" साचे भरणारे रोजंदारीवर होते, कधीही काढले जायचे. भट्टीची टोळी कायम होती. मी पटकन हो म्हणालो. भट्टी रात्रीच लागायची, कारण दिवसा विजेचा भरवसा नसायचा आणि अर्धवट वितळलेलं लोखंड भट्टीत गोठलं तर फौंड्रीचं कंबरडंच मोडायचं. त्यामुळे भट्टीवाल्याला पाळी बदलून मिळत नसे. एकदा रात्रीचा झाला की तो रात्रीचाच.

त्यात आम्ही जैन. सूर्य मावळल्यावर तोंडात घास घालायचा नाही, हे आईनं लग्नातल्या पाहुण्यांसमोर पुन्हा एकदा सांगितलं होतं. म्हणजे मी दिवस असतानाच जेवायचो आणि रात्रभर आगीसमोर पाण्यावर काढायचो. माझा जोडीदार दस्तगीर मुल्ला. रोज्यांच्या महिन्यात तो म्हणाला होता, "भावा, आपली जोडी झ्याक जमली. मी दिवसा उपाशी, तू रात्री. मालकाला सांगून एकच डबा मागवू या."

जोडीदार म्हणजे काय, ते सांगायला हवं. वितळलेलं लोखंड, आमच्या भाषेत रस, साच्यापर्यंत न्यायला मोठी बादली असते, तिला दोन बाजूंना लांब दांडे. पुढचा दांडा एकानं धरायचा, मागचा दुसऱ्यानं. दोघांचं पाऊल एकाच वेळी पडलं पाहिजे आणि मधे थांबायचं नाही. एकाचा खाडा झाला तर दुसऱ्यानंही घरी जायचं, कारण नवख्या हाताबरोबर रस उचलायला कुणी तयार नसायचं. बायकोपेक्षा जोडीदारावर जास्त विश्वास टाकावा लागतो, असं दस्तगीर म्हणायचा आणि वर, "माझ्या बायकोला सांगू नको," असंही म्हणायचा.

फौंड्रीच्या मागं आमची पत्र्याची चाळ. सगळे भट्टीशी नातं असलेले लोक. ज्या दाराला बारदान, त्या घरात माणूस झोपलाय असं समजायचं आणि बारदान निघेपर्यंत त्या दारासमोर आवाज करायचा नाही, ही चाळीची रीत होती. भाजीवाली बारदान बघून मुकी व्हायची. पोरांना गोट्या खेळायला पार फौंड्रीच्या भिंतीपलीकडं हाकलायचे. एकदा एकाचा मेव्हणा पाहुणा म्हणून आला आणि अंगणात मोठ्यानं रेडिओ लावून बसला, तर चार बायकांनी त्याला रेडिओसकट रस्त्यावर नेऊन बसवलं होतं.

एवढी सगळी चाळ माझ्यासाठी गप्प बसायची आणि मला झोप यायची नाही. याची मला फार लाज वाटायची. म्हणून मी डोळे मिटून पडून राहायचो, आणि उठल्यावर विचारलं तर "छान लागली" म्हणून सांगायचो.

त्या दुपारी त्रिशला गेली आणि भिंतीपलीकडून खोकल्याची उबळ आली. ती लांबतच गेली. पलीकडं केरबाआण्णा राहायचे. जन्मभर भट्टीवर काम केलेला माणूस, आता छातीचं पार चिपाड झालेलं. त्यांची बायको हौसाक्का त्यांची पाठ चोळत असायची, तेसुद्धा ऐकू यायचं. मधली भिंत पत्र्यापर्यंत पोचलीच नव्हती, त्यामुळे दोन खोल्या मिळून हवा एकच होती.

खोकला थांबला. मग हळू आवाजात आण्णा म्हणाले, "भूपाल, जागा हाईस न्हवं?"

"न्हाई आण्णा. झोपलोय."

"झोपल्याला माणूस जबाब देतोय व्हय रं?"

मी तोंडावर चादर ओढली.

"म्या भट्टीवर जनम काढला. मला श्वासावरनं कळतंय. तू आल्यापास्नं एकदाबी झोपला न्हाईस. डोळं मिटून पडणं म्हंजे झोप न्हवं बाळा."

"असू दे वो. पोराला बोलत बसू नका. तुमी तरी कवा झोपताय?" पलीकडून हौसाक्काचा आवाज आला. आण्णा हसायला गेले आणि पुन्हा खोकला सुरू झाला.

त्याच रात्री ते घडलं. रस घेऊन आम्ही साच्यांच्या ओळींतून चाललो होतो. पुढं दस्तगीर, मागं मी. चालता चालता मला स्वप्न पडलं. डोळे सताड उघडे होते आणि स्वप्न पडलं. आई विहिरीवरून हाक मारतेय, आणि मी वळलो. बादली कलली. दस्तगीर ओरडला, त्याच्या आवाजानं माझे हात सरळ झाले. रसाचा एक शिंतोडा त्याच्या पोटरीवर उडाला होता. कापड पेटलं, ते कुणीतरी वाळू टाकून विझवलं. भाजलं थोडंच होतं. पण बादली आणखी वीतभर कलली असती तर दस्तगीरच्या कमरेखाली काही उरलं नसतं. आम्ही दोघांनी ती पाळी पुरी केली.

सकाळी गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर तो माझ्याजवळ येऊन बसला. पोटरीला फडकं बांधलेलं. चहा बशीत ओतून त्यानं फुंकर मारली, पण प्याला नाही.

"भूपाल, खरं सांग. दिवसा झोपतोस?"

"झोपतो की."

"माझ्या पायाची शपथ घेऊन सांग. ह्याच पायाची."

माझ्यानं शपथ घेववली नाही.

"हे बग भावा," तो म्हणाला. "मला तीन पोरी हाईत. आजची एक रात मी तुझ्यासंगं बादली उचलतो, कारण तू माझा जोडीदार हाईस. पर उद्या तुझं डोळं असंच दिसलं, तर मी साहेबाकडं जाणार. राग मानू नको."

"राग कसला?" मी म्हणालो. राग आला असता तर बरं झालं असतं. मला भीती वाटत होती. भट्टीच्या टोळीतून नाव गेलं तर साच्यावर परत घेत नसत. चाळीतली खोलीही सोडावी लागायची. आणि त्रिशलाला दिवस गेले होते, हे आम्ही अजून कुणाला सांगितलं नव्हतं. पण या सगळ्यापेक्षा मोठी भीती दुसरीच होती. मी एखादा माणूस जिवंत जाळीन, ही.

घरी येऊन मी तिला सगळं सांगितलं. तिनं जायफळ उगाळून दुधात दिलं, तळपायांना खोबरेल चोळलं, बारदानाच्या त्या भोकाला ठिगळ लावलं. मग डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "आता तरी झोपा की वो."

कुणी असं म्हटलं की झोप आणखी चार कोस पळते. मी पडलो. भिंतीपलीकडं आण्णा खोकला दाबत होते. दाबलेला खोकला मोठ्या खोकल्यापेक्षा वाईट. माणूस गुदमरतोय हे कळत राहतं. हौसाक्का म्हणत होती, "तोंडावर उशी धरू नका, जीव जाईल." मी उठून बसलो.

"आण्णा, खोका की मोकळेपणानं! माझ्यापायी कशाला जीवाला त्रास?"

पलीकडं उशी बाजूला टाकल्याचा आवाज आला. मग आण्णा म्हणाले, "काल बादली कलली म्हणं."

चाळीत बातमीला पाय नसतात, पण ती माझ्या आधी घरी पोचली होती.

"व्हय."

"माझीबी कलली व्हती एकदा. सदबा व्हता म्होरं. माझा जोडीदार." आण्णांचा श्वास लागला. "चोवीस तास जागा व्हतो मी त्या दिशी. आन् तुझ्यासारखाच खोटं बोललो व्हतो त्याला. झोप झाली म्हणून."

"मग?"

"मग काय? सदबा गेला."

पलीकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज तेवढा आला.

"हौसे," आण्णा म्हणाले, "उद्यापास्नं माझी बाज अंगणातल्या त्या करंजाखाली टाक. दिसभर तिथं ऱ्हातो. हवाबी लागंल."

"तिथं उन्हाच्या झळा लागतील. डाक्टरनं काय सांगितलंय?"

"डाक्टरनं बादली उचललीया कवा?"

मी "नको, नको" म्हणालो. दोन-तीनदा म्हणालो. त्रिशलाही म्हणाली. पण आण्णा जन्मभर भट्टीवर काम केलेला माणूस. सुंभ जळला तरी पीळ गेला नव्हता. आणि खरं सांगायचं तर माझ्या "नको"मध्ये फारसा जोर नव्हता. त्या दुपारीही मला झोप लागली नाही. रात्री मी दर खेपेला जीभ चावत बादली उचलली. दस्तगीर पुढून सारखा मागं बघत होता आणि मी त्याचं प्रत्येक पाऊल मोठ्यानं मोजत होतो. कशीबशी पाळी निभावली.

सकाळी चाळीत शिरलो तर करंजाच्या दाट सावलीत बाज टाकलेली होती. आण्णा तिच्यावर उशाला टेकून बसले होते. हौसाक्का त्यांना पेज पाजत होती. मला बघून त्यांनी हातानंच खूण केली, जा, पड. मी जवळ गेलो.

"बरं वाटतंय इथं?"

"राजासारखं वाटतंय," ते म्हणाले. "वर बग, पाखरं हाईत. आमच्या घरात काय हाय? हीच."

"पेज प्या गप," हौसाक्का म्हणाली.

घरात येऊन मी अंग टाकलं. पलीकडची खोली रिकामी होती. खोकला नव्हता, गुदमरणं नव्हतं. माझ्यामुळं कुणी तोंडावर उशी दाबून धरलेली नव्हती, आणि ते समजल्यावर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. लांबून पाखरांचा आवाज येत होता. त्यानंतरचं मला काही आठवत नाही.

मी झोपलो. कूससुद्धा बदलली नाही. लहानपणी यात्रेहून येताना बैलगाडीत झोपायचो तसा झोपलो.

जाग आली ती आपोआप. उन्हं कलली होती, बारदानातून पिवळट उजेड येत होता. अंग हलकं, डोकं स्वच्छ. मला इतका आनंद झाला की मी एकटाच हसलो. आता दस्तगीरच्या पायाची शपथ घेऊन सांगता येईल, असं मनात आलं. चहा प्यावा, मग आण्णांना जाऊन सांगावं. मी उठून चूळ भरली.

तेव्हा लक्षात आलं की बाहेर काहीच आवाज नाही. रीतीची शांतता मला पाठ होती. तिच्यातसुद्धा पंपाचा दांडा हळू हलायचा, कुणीतरी सूप पाखडायचं, पोरं दबक्या आवाजात भांडायची. आज तेही नव्हतं.

मी बारदान वर केलं.

सगळी चाळ अंगणात होती. बायका करंजाखाली दाटीनं बसल्या होत्या, पुरुष भिंतीकडेनं उकिडवे. पोरंसुद्धा होती, आयांच्या मांडीत तोंड घालून. आणि कुणीही बोलत नव्हतं. बाज बाजूला उभी केलेली होती. झाडाखाली जमीन सारवून तिच्यावर पांढरं कापड अंथरलं होतं आणि त्यावर आण्णा होते.

दारातच त्रिशला उभी होती. तिचे डोळे सुजले होते. तिनं माझा हात घट्ट धरला.

"कधी?" मी विचारलं.

"तुम्ही पडलासा, त्याच्यानंतर थोड्याच वेळानं. पेज पिता पिता."

"सकाळी? आणि तू मला उठवलं नाहीस?"

"उठवायलाच निघाले होते. आक्कांनी माझा हात धरला." तिचा आवाज चिरकत होता, तरी ती कुजबुजतच होती. सवयीनं की काय कोण जाणे. "म्हणाल्या, बारदान हाय दाराला. रडायचं न्हाई. कुणीबी रडायचं न्हाई."

"का?" मी विचारलं.

"आक्कांचा भाऊ वारला होता म्हणे," ती म्हणाली. "लई वर्षांपूर्वी. सकाळी निरोप आला आणि आक्का दिवसभर ऊर बडवून रडल्या. आण्णा रातपाळी करून आलेले, ते उशाशी जागेच बसून राहिले. खाडा केला तर सदबाचाबी खाडा व्हायचा, म्हणून रात्री कामाला गेले. आणि त्याच रात्री सदबा गेला. आक्का म्हणाल्या, माझ्या रडण्यानं एक बाई रांडाव झाली. आता दुसरी करायची न्हाई."

दस्तगीर भिंतीशी बसला होता. फडकं बांधलेला पाय पुढं पसरून. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

"त्यांची लेक आली मघाशी गडहिंग्लजहून," त्रिशला म्हणाली. "यष्टीतून उतरून पळतच आली. चाळीच्या तोंडाशीच बायकांनी तिला धरलं. तोंडावर हात ठेवून आणली तिला बापाजवळ."

ती लेक मला दिसली. आईच्या पाठीशी बसली होती आणि स्वतःच्याच मनगटावर दात रोवले होते. तिनं मला याआधी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

मला तिथून पळून जावंसं वाटलं. घरात राहिले असते तर आण्णा आणखी जगले असते का, ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मी आजवर कुणाला विचारलेलं नाही. तेव्हा मी एवढंच केलं. हात वर करून दाराचं बारदान खिळ्यावरून काढलं. ते काढताना फडफडलं आणि सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

मी चालत करंजाखाली गेलो. बायकांनी वाट दिली. हौसाक्का आण्णांच्या डोक्याशी बसली होती. पदराचा बोळा करून तिनं तोंडात कोंबला होता आणि तो लाळेनं आणि पाण्यानं भिजून गेला होता. डोळे कोरडे. मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसलो. तिनं पदर जरासा बाहेर काढला. माझ्या तोंडाकडं, डोळ्यांकडं निरखून पाहिलं, जसं आण्णा माझा श्वास ऐकायचे तसं.

"झोप लागली का रं बाळा?"

"लागली, आक्का."

"खरं?"

"खरं."

तिनं मान हलवली. पदर तोंडातून पुरता काढून मांडीवर ठेवला, दोन्ही हात आण्णांच्या छातीवर टेकले आणि हंबरडा फोडला. मग सगळी चाळ रडली.